नसब आणि नागरिकत्व

अपत्यांना त्यांच्या पित्याच्या नावाने संबोधावे, असा आदेश पवित्र कुरआनच्या सूरह अल-अहजाबमध्ये (आयत ५) दत्तक पुत्रांच्या संदर्भात आला आहे. हा विषय नसबचा, म्हणजे वंशाच्या ओळखीचा. त्यावरून नागरिकत्वही केवळ पित्याकडूनच मिळावे, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. इजिप्तने २००४, अल्जीरियाने २००५ व मोरोक्कोने २००७ मध्ये आईला हा हक्क दिला. नसब होता तसाच राहिला.

आपल्याकडेही १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या अपत्यासाठी केवळ पिताच ग्राह्य धरला होता. परंड्याच्या लेकीचा निकाह परदेशी नागरिकाशी झाला, पुढे तलाक वा वैधव्यामुळे ती माहेरी परतली, तर तिच्या कुशीतले मूल इथे परकीयच ठरे! १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्यांसाठी आईचे नागरिकत्वही ग्राह्य झाले. आधीच्यांना मात्र लाभ नाही.

वाचकहो, एक अट ध्यानी ठेवा. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशी जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय दूतावासात वर्षाच्या आत करावी लागते. विलंब झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालकांनी लिहून द्यावयाचे असते. परदेशात लेक देताना मेहरबरोबर याचीही बोलणी निकाहापूर्वीच करून घ्यावीत.