विश्वास आणि कृती : चवदार तळ्याच्या काठचा पाठ

शास्त्रवाचन : मत्तय २१:२८–३१, योहान ४:५–१५, याकोब २:१–१७

ह्या आठवड्याच्या पाठासाठी प्रभूने सांगितलेला एक लहानसा दाखला घेतला आहे. एका बापाने आपल्या दोघा मुलांना द्राक्षमळ्यात कामास जावयास सांगितले. एकाने साफ नकार दिला, परंतु मागाहून पस्तावून तो कामास गेला. दुसऱ्याने मोठ्या अदबीने होकार दिला आणि तो गेलाच नाही. ह्या दोघांपैकी बापाची इच्छा कोणी पुरी केली, असे प्रभूने याजकांस व वडील मंडळीस विचारले, तेव्हा त्यांना खरे उत्तर देणे भाग पडले. आपल्यातील पुष्कळांना हा दाखला तोंडपाठ आहे, आणि तोंडपाठ असलेले वचन मनुष्य कानाआड करतो. म्हणून आज तो यहूदियाच्या देशात न वाचता महाडास वाचू.

महाडातील चवदार तळे ह्या भागातील वाचकांस ठाऊक आहे. सन १९२३ च्या ऑगस्टात मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादिकांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांस करू द्यावा, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२४ साली, महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. ठराव चांगला होता. त्यात वावगा असा एकही शब्द नव्हता. तथापि स्पृश्य रहिवाशांचा विरोध कायम राहिला, आणि व्यवहार पूर्वीचाच चालला. तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, गुरेढोरे पाणी पीत. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांची घागर मात्र त्यात बुडाली नाही.

मग १९२७ च्या मार्च महिन्याच्या १९ व २० तारखांस कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. (आजचा रायगड जिल्हा त्या काळी कुलाबा ह्या नावाने ओळखला जाई.) अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर होते. परिषदेस आलेल्या लोकांस पिण्यासाठी पाणी हवे होते, आणि ते चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या काळचे चाळीस रुपये ही लहान रक्कम नव्हे. तळे गावात भरलेले, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि तहानेसाठी पैसे मोजावयाचे! ह्यावरून एक गोष्ट उघड होते. त्या लोकांस पाणी मिळतच नव्हते असे नाही, कारण ते विकत मिळत होते. प्रश्न त्याहून खोल होता. आपल्या हाताने, इतर माणसांप्रमाणे, तळ्यात उतरून पाणी घेता येते की नाही, हा तो प्रश्न होता. २० तारखेस परिषदेचे लोक रांगेने तळ्याकडे गेले. डॉ. आंबेडकरांनी पाणी प्राशन केले व त्यांच्यामागून इतरांनी केले. तीन वर्षे कागदावर असलेला ठराव त्या दिवशी प्रथम खरा झाला. तो ज्यांनी केला होता त्यांनी तो खरा केला नाही, हेही लक्षात ठेवावे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठली. परत निघालेल्या व मंडपात जेवावयास बसलेल्या माणसांवर हल्ला झाला, पुष्कळांस मार लागला. कित्येकांस मुसलमान शेजाऱ्यांनी आपल्या घरांत आसरा दिला. नंतर तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी झाला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा गावात तिला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबर रोजी त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, व त्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्या ब्राह्मण गृहस्थांनी मांडला. ती तारीख नाताळची. आपल्या घरच्या दिनदर्शिकेत ती दुसऱ्या कारणासाठी तांबड्या शाईने छापलेली असते, म्हणून आपल्या पुष्कळ लोकांस ती ह्या कारणासाठी ठाऊकच नसते. तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात पडला होता. कोर्टाच्या मनाईमुळे त्या वेळी सत्याग्रह तहकूब झाला, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाणी पिण्याचा हक्क शाबीत होण्यास दहा वर्षे लागली.

ह्या हकीकतीत होकार देऊन घरी बसलेला मुलगा कोणता, हे सांगावयास नको. परंतु नगरपालिकेकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ लागलो, तर पाठ वाया गेला. आपला बाप्तिस्मा हाही एक ठराव आहे. तो साक्षीदारांसमक्ष झाला, मंडळीच्या रजिस्टरात नोंदला गेला. ख्रिस्तात उच्चनीच नाही, हे आपण सर्वांच्या कानांवर पडेल अशा मोठ्या आवाजात कबूल केले. याकोब ज्या मंडळीस पत्र लिहितो तीही असेच कबूल करणारी होती. आणि सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा आला की त्यास पुढची जागा व मळकट वस्त्रांच्या गरिबास पायाशी जागा, असा तिचा व्यवहार होता. नागव्याउघड्यास व उपाशी मनुष्यास नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणे ह्याला याकोब विश्वास म्हणावयास तयार नाही. त्याच्या दृष्टीने तो मेलेला आहे.

उलट बाजूचा मुलगाही आपल्याकडे होऊन गेला. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर व महाडावरून वाहत बाणकोटास समुद्रास मिळते. त्या बाणकोटास सन १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपले काम सुरू केले. पुढे तिच्या माणसांनी पुण्यास शाळा चालविली, आणि तेथे जोतीराव फुले ह्यांचे शिक्षण झाले. ख्रिस्ती शिकवण त्यांना चांगली परिचित होती. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पण १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्यासाठी त्यांनी कोणत्याही कौन्सिलाच्या ठरावाची वाट पाहिली नाही, कारण हौद त्यांचा स्वतःचा होता. ज्यांनी ती शिकवण पत्करली अशा घरांपैकी किती घरांनी त्या काळी एवढे केले असेल? प्रभूने तो प्रश्न याजकांस विचारला होता, बाहेरच्या लोकांस नव्हे, हे पाळक व उपदेशक बंधूंनी विशेष ध्यानात घ्यावे.

आता योहानाच्या चौथ्या अध्यायाकडे वळू. प्रभू थकून विहिरीपाशी बसला आहे व शोमरोनी स्त्री पाणी भरावयास आली आहे. यहूदी लोक शोमरोन्यांचे भांडे वापरीत नसत. येथे प्रभू तिला पाणी देत नाही, तर तिच्यापाशी पाणी मागतो! तहानेल्यास पेलाभर थंड पाणी देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही असे त्यानेच अन्यत्र सांगितले आहे, व त्यावर आपल्याकडे पुष्कळ उपदेश होतात. परंतु देणे पुष्कळदा सोपे असते. आपल्या गावांतून पूर्वी वरच्या जातीचा मनुष्यही पाणी देतच असे. घागर उंच धरून तो खाली पसरलेल्या ओंजळीत धार सोडी, आणि त्यास पुण्य समजे. धार सोडणाऱ्याचा हात वर राही, पिणाऱ्याचे डोके खाली. शोमरोनी स्त्रीच्या घागरीतले पाणी मागणाऱ्या प्रभूने हे वरखाली मोडून टाकले. तेव्हा आपल्या मनात कोणाविषयी किंतु आहे काय, हे तपासावयाचे असल्यास आपण त्याला काय देतो हे पाहू नये. त्याच्या घरचे पाणी आपण निःसंकोच पितो काय, हे पाहावे.

येथे कटू असले तरी लिहिले पाहिजे. महार व मांग ही जुनी रेघ काही मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतरही पुसली गेली नाही. प्रभुभोजनाच्या मेजाशी एका भाकरीचा वाटा सर्व घेतात, आणि त्याच मंडळीत सोयरीक जुळविताना, लग्नाच्या पंगतीस बसताना किंवा पाहुण्यास पेला देताना जुनी जात आठवते. शिवाय ज्यांस आपण स्वतः कमी लेखतो अशी माणसे प्रत्येक गावात असतात. डोंगरउतारावरच्या कातकरी बंधूस आपल्या ओटीवर कोठे बसवितात? त्याचा चहाचा पेला इतरांच्या पेल्यांबरोबर घासला जातो की वळचणीस खोचून ठेवला जातो? भारताच्या संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नाहीशी केली. हाही मोठाच होकार आहे, आणि वळचणीचा पेला त्या होकारास रोज खोटे पाडतो.

पोलादपूर तालुक्यातील वाचकांस पाण्याची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. आषाढात डोंगर कोसळेल इतका पाऊस पडतो, सारे पाणी उतारावरून सावित्रीत धावून जाते, आणि फाल्गुन-चैत्रात वाडीवरच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आला की विश्वासाची परीक्षा घेणारा दुसरा परीक्षक नको. ज्या घरात चार धडधाकट माणसे आहेत तेथे आठ हंडे भरतात. एकट्या म्हातारीची कळशी रांगेत मागे सरकत जाते. अशा वेळी तिची कळशी आपल्या हंड्याच्या आधी भरणे व ती तिच्या दारी पोहोचविणे, ह्यास ना वर्गणी लागते ना समिती. पाण्याचे दुसरे रूप २२ जुलै २०२१ रोजी दिसले. महाड शहर पुरात बुडाले, तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. चोहीकडे पाणी आणि पिण्यास घोट नाही, अशी घरोघर अवस्था. त्या दिवसांत नाव-जात न विचारता पाणी व भाकऱ्या घेऊन चिखल तुडविणारी माणसे पुष्कळ निघाली. परंतु पूर ओसरतो, आणि माणुसकीही त्याबरोबर ओसरण्याचा संभव असतो. मोठ्या संकटात धावून जाणारा मनुष्य एखाद्या साध्या मंगळवारी टँकरच्या रांगेत कसा वागतो, हे त्याच्या शेजाऱ्यांस विचारावे.

उपदेशक बंधूंस पाठ घेण्याविषयी एक सूचना. रविवारी शास्त्रभाग उघडण्यापूर्वी वर्गास विचारावे, की आज सकाळी तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोणी भरले. उत्तरे फळ्यावर लिहावी. बहुधा सारी नावे बायकांची व मुलींचीच निघतील. मग विचारावे, की ह्या आठवड्यात कोणी दुसऱ्याच्या घरचे पाणी भरून दिले काय, व कोणाच्या घरचे पाणी आपण पीत नाही. शेवटच्या प्रश्नास उत्तर येण्यास वेळ लागेल, तरी घाई करू नये व स्वतः उत्तर सुचवू नये. फळा तसाच ठेवून मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील दाखला वाचावयास घ्यावा, आणि ते वाचन, ज्याचे नाव फळ्यावर आलेले नाही अशा एखाद्या पुरुषाकडून करवावे.