पितृपंधरवड्यात ट्रॅक्टर गॅरेजला लावा

पितृपंधरवड्यात नवीन वस्तू घरात आणत नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तेव्हा शुकशुकाट असतो आणि मेस्त्री मोकळे असतात. घटस्थापना झाली की दसऱ्याच्या डिलिव्हऱ्यांची धांदल सुरू होते, मग आठ-दहा वर्षं जुन्या मिनी ट्रॅक्टरकडे कुणी ढुंकून बघत नाही. निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पलूसपर्यंत बहुतेक द्राक्षबागांची गोडी छाटणीही त्याच सुमाराला येते. छाटणीनंतर पोंगा फुटला की ब्लोअर रोज बाहेर, कधी दिवसातून दोनदा. त्या दिवसांत पाऊस झाला आणि ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला, तर डाऊनी रोग वाट बघत नाही. म्हणून छाटणीची तारीख ठरवण्याआधी ट्रॅक्टरची तारीख ठरवा.

ज्यांचा ट्रॅक्टर जुना झालाय आणि यंदा बदलावा की अजून चालवावा या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बागेतला लहान ट्रॅक्टर म्हणजे 18 ते 28 एचपीचा, दोन किंवा तीन सिलिंडरचा, चारही चाकांना ओढ असलेला. महिंद्राचा जिवो, कुबोटाची बी मालिका, जॉन डिअरचा 3028 या जातीचे. महिंद्रा युवराज 215 किंवा स्वराज 717 यांसारख्या एक सिलिंडरच्या 15 एचपीवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी, पण इथलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

पहिली गोष्ट, ट्रॅक्टरचं वय वर्षांत मोजू नका. समजा पाच एकर बाग आहे, एकरी फवारणीला अर्धा तास लागतो आणि हंगामात चाळीस फवारण्या झाल्या. नुसत्या ब्लोअरचे शंभर तास झाले. टाकी भरताना चालू ठेवलेलं इंजिन, रोटा, खरड छाटणीनंतरची कामं, शेणखताची आणि मालाची ने-आण धरली की वर्षाचे दोनशे-अडीचशे तास सहज होतात. बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिस 50 तासांना आणि पुढे इंजिन ऑईल साधारण 250 तासांना बदलायला सांगतात. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात असतो. हिशेब सोपा आहे, वर्षातून एकदा, गोडी छाटणीच्या आधी. तास कमी भरले असले तरी वर्षाला ऑईल बदलाच. थोडा वेळ चालवून बंद केलेल्या इंजिनात पाण्याचा अंश आणि आम्ल साठत जातं, ते तासांच्या काट्यावर दिसत नाही.

काट्यावरून आठवलं. जुन्या ट्रॅक्टरवरचा यांत्रिक तासमापक घड्याळ बघून चालत नाही, इंजिनाचे फेरे मोजून चालतो. ठरावीक आरपीएमवर तो बरोबर तास दाखवतो, मंद चालीवर मागे पडतो. ब्लोअरच्या कामात इंजिन कायम चढ्या आरपीएमवर असतं, म्हणून तिथले तास खरे भरतात. ज्याचा ट्रॅक्टर निम्मा वेळ नुसता घुरघुरत उभा असतो, त्याचे तास कागदावर कमी दिसतात. डिजिटल मीटरवाल्यांना हा फरक नाही.

आता मूळ मुद्दा. शेतातला मोठा ट्रॅक्टर नांगरणीच्या ओढीनं झिजतो. बागेतला लहान ट्रॅक्टर झिजतो तो पीटीओ, धूळ आणि औषध या तिघांनी. त्याची चाल सावकाश, इंजिन मात्र जोरात. समोरून हवेचा झोत नाही आणि वर पानांचा मांडव. रेडिएटरच्या जाळीत पानांची लव, गवताचं बी आणि औषधाचा चिकटा बसतो. पावसाळ्यात तणात फिरलेल्या ट्रॅक्टरची जाळी भाद्रपदात उघडून बघा, निम्मे पापुद्रे बुजलेले दिसतील. ती साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं मारा, तेही बेतानं. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर नाजूक पापुद्रे आडवे होतात आणि मग जाळी स्वच्छ असूनही इंजिन तापतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं थांबवा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की ड्रिपरसारखाच रेडिएटरही आतून बंद होतो. तयार कूलंट घ्या, किंवा सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घालून करा. झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर हंगामात कुणाचा तरी हात भाजतो.

एअर फिल्टरबाबत एक गैरसमज पक्का बसलाय. कोरड्या फिल्टरमध्ये दोन नळकांडी असतात. बाहेरचं आतून बाहेर हवा मारून काही वेळा साफ करता येतं. आतलं साफ करायचं नसतं, बदलायचं असतं. ते झटकलं की बारीक धूळ थेट इंजिनात जाते आणि दोन वर्षांनी ‘इंजिन ऑईल खातंय’ ही तक्रार येते. ऑईल-बाथ असेल तर खालच्या वाटीतलं ऑईल गाळानं घट्ट व्हायच्या आत बदला. एप्रिल-मेमध्ये रोटा मारताना फिल्टर बघणं हे रोजचं काम असतं, पावसाळ्यात त्याची गरज कमी पडते.

औषधाचा मार सगळ्यात दुर्लक्षित. फवारणी झाली की गडी टाकी धुतो, नोझल धुतो, ट्रॅक्टर तसाच शेडमध्ये जातो. बोर्डोतलं मोरचूद लोखंडाला लागलं की त्यातलं तांबं लोखंडावर चढतं आणि त्याच्या बदल्यात लोखंड विरघळून जातं. चुन्यानं ते बरंच निवतं, पण चुना कमी पडला असेल तर बोल्टांवर तांबूस थर दिसतो, तो हाच. गंधकही धातूला सोडत नाही. मागचा मडगार्ड, थ्री पॉइंट लिंकेजच्या पिना, टेललाइटची वायर आणि बॅटरीचा कप्पा ही ठिकाणं आधी जातात. रोज संध्याकाळी साध्या पाण्यानं मागची बाजू धुवा. इंजिन गरम असताना त्यावर गार पाणी मारू नका, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर झोत सोडू नका. धुतल्यावर पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून ट्रॅक्टर वाळवा आणि मगच ग्रीसगन घ्या. ताजं ग्रीस आत गेलं की सांध्यात अडकलेलं पाणी बाहेर येतं. धुण्याआधी ग्रीस केलं तर त्याचा उपयोग निम्मा.

पीटीओ शाफ्टचं सांगायचं तर पानं भरतील. जोडलेला ब्लोअर मागे ओढत ओळीच्या टोकाला वळताना पीटीओ चालूच ठेवायचा, ही सवय शाफ्टचे क्रॉस खाते. सांधा जितका तिरका तितका त्यावर झटका जास्त. टोकाला पीटीओ बंद करायला लागतात दोन सेकंद. क्रॉसना आठ-दहा तासांनी ग्रीस, म्हणजे हंगामात जवळपास रोज. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांनाही ग्रीस लागतं. त्या जाम झाल्या की वळताना सगळा जोर ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर आणि ब्लोअरच्या गिअरबॉक्सवर येतो. शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्याच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घालणारे मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर गिअर तुटतो. पीटीओ नेहमी कमी आरपीएमवर जोडायचा, मग हळूहळू 540 पर्यंत न्यायचा. आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कवच अडचण होते म्हणून काढून टाकलेलं असेल तर या पंधरवड्यात पहिलं तेच विकत आणा. उपरणं, साडीचा पदर, रेनकोटचा बंद अडकून माणूस ओढला जायला एक क्षण पुरतो.

पुढच्या एक्सलकडे आता नीट बघा. चार चाकी ओढीच्या लहान ट्रॅक्टरचा पैसा शेवटी इथंच जातो, तरी बहुतेक मालक इंजिन ऑईलचा ब्रँड सांगतात आणि पुढच्या एक्सलचं ऑईल कधी बदललं हे विचारल्यावर गप्प बसतात. चाकाच्या आतल्या बाजूला सुतळी, ड्रिपची फाटकी नळी, मल्चिंगचा कागद, बांधणीची तार गुंडाळली जाते. ती हळूहळू सील कापते. सील गेलं की ऑईल बाहेर आणि चिखल-पाणी आत. ड्रेन प्लग सैल करून थोडं ऑईल काढून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. तेव्हा नुसतं ऑईल बदलून भागत नाही, सील बदलूनच घ्या. हे काम वेळेत केलं तर सील आणि ऑईलचा खर्च, नाही केलं तर बेव्हेल गिअर आणि बेअरिंगचा.

फोर व्हीलचा दांडा फक्त मऊ जमिनीत आणि चढाला. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरावीत अशीच त्याची रचना असते. मऊ मातीत थोडं घसरून ते जुळून जातं. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नाही, मग पुढचे टायर झपाट्यानं घासतात आणि गिअरवर ताण येतो. मळ्यातून गावात जाताना दांडा काढायला विसरणारा ड्रायव्हर तुमचे टायर वर्षभर आधी संपवतो. टायर बदलतानाही हेच लक्षात ठेवा. मागचे नवे घेतले आणि पुढचे झिजलेले ठेवले, किंवा दुकानदारानं ‘चालतंय’ म्हणून वेगळ्या मापाचे दिले, तर ते जुळणं बिघडतं. माप पुस्तकातलंच, आणि जमलं तर चारही एकदम.

अशा ट्रॅक्टरनं उसाची भरलेली ट्रॉली ओढू नये, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. ओढेल कदाचित. थांबवता येणार नाही.

पावसाळ्यात कमी चाललेल्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी अर्धी रिकामी असते आणि रात्रीच्या गारव्यात तिच्यात पाण्याचे थेंब जमतात. फिल्टरखालच्या वाटीतून ते काढा, टाकी संध्याकाळी भरून ठेवायची सवय लावा. बोनेट उघडल्यावर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा, विशेषतः शेडमध्ये पेंड किंवा मका साठवला असेल तर. बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन घट्ट करा. क्लचच्या पेडलचा मोकळा खेळ मोजून घ्या. बागेत पावलापावलाला थांबत चालताना पेडलवर पाय ठेवून बसणाऱ्यांचा क्लच लवकर जातो. रोटाच्या गिअरबॉक्सचं ऑईल आणि पाती छाटणीआधीच बघून ठेवा, नंतर सवड मिळत नाही.

एक गोष्ट ट्रॅक्टरची नाही, जमिनीची. ट्रॅक्टर दर फवारणीला त्याच दोन चाकोऱ्यांतून जातो. काळ्या जमिनीत वाफसा नसताना गेला की तिथली माती दाबून घट्ट होते आणि पांढऱ्या मुळ्या तिकडे सरकत नाहीत. रोग अंगावर आलेला असताना वाफशाची वाट बघा असं कुणाला सांगणार? पण टाकी पूर्ण भरून जाण्यापेक्षा अर्धी भरून दोनदा जाणं अशा दिवशी परवडतं. हवेचा दाबही पुस्तकातल्यापेक्षा जास्त ठेवू नका. टणक टायर माती जास्त दाबतो.

आता बदलावा की ठेवावा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भाग 18 वरून 5 टक्क्यांवर आले. म्हणजे नवा स्वस्त झाला तशी जुन्याची दुरुस्तीही स्वस्त झाली. शोरूमवाला पहिलंच सांगेल. माझं मत असं की इंजिन एका इशाऱ्यात सुरू होत असेल, धूर काळा-निळा नसेल आणि हायड्रॉलिक वजन धरून ठेवत असेल, तर दहा वर्षांचा ट्रॅक्टर विकू नये. टायर, सील, क्लच प्लेट, रेडिएटर नवे घालून तो आणखी बरीच वर्षं ब्लोअर ओढतो. प्रदूषणाचे कडक नियम 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून लागू झाले. त्याखालच्या लहान जुन्या ट्रॅक्टरांची डिझेल व्यवस्था बहुतांशी यांत्रिकच आहे, ती तालुक्याच्या गावातला पंपवाला दुरुस्त करू शकतो. ही सोय कमी समजू नका.

नवाच घ्यायचा ठरला तर बोनेटवरचा एचपी बघू नका. ब्लोअर चालतो तो पीटीओच्या ताकदीवर, आणि ती इंजिनाच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. दुसरं, सुट्या भागांचं दुकान तुमच्या बागेपासून किती लांब आहे ते बघा. मला विचाराल तर रंग आणि किंमत यांच्या आधी हे.

बचत गटांना समाजकल्याण विभागाच्या 90 टक्के अनुदानावर मिळालेले मिनी ट्रॅक्टर गावोगाव दिसतात. सामाईक ट्रॅक्टरचं दुखणं एकच, चालवतात सगळे आणि ऑईल कुणीच बदलत नाही. सीटखाली एक वही बांधून ठेवा. कोणी किती तास नेला, ग्रीस केलं का, इतकंच लिहायचं. तासाच्या भाड्यातून ऑईल-फिल्टरचे पैसे आधी बाजूला काढायचे, मग वाटणी.

आणि जुना विकत घेणार असाल तर मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून बघा, ते गार हवं. डिपस्टिक काढा, एक्सलचं ऑईल बघा, सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावा. मग सुरू करा, लिफ्टवर रोटा उचलून इंजिन बंद करा आणि चहा घेऊन या. परत आल्यावर रोटा कुठवर खाली आलाय ते दिसेल. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही तेव्हाच विचारा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, न सांगता जा.