आधी बोट टोचून बघा

साखर मोजायच्या माझ्या सेन्सरच्या खोक्यावर दोन तापमानं छापलेली आहेत. साठवायचा ४ ते २५ अंशांत, वापरायचा १० ते ४५ अंशांत. पहिली अट जळगावात मार्च लागला की मोडते आणि दुसरी मेमधल्या भर दुपारी. भुसावळचा पारा ४५च्या वर गेला की टीव्हीवाले बातमी करतात. आम्हाला त्याचं नवल राहिलेलं नाही. पण दंडावर चिकटवलेल्या यंत्राला एवढं ऊन सोसतं का, हे खानदेशातल्या माणसाने आपणहून विचारावं लागतं. मेडिकलवाला सांगत नाही आणि डॉक्टरांकडे बाहेर रांग लागलेली असते.

मी जळगावात शिक्षिका. मधुमेह जुना, टाइप टू. सकाळी आणि रात्री इन्सुलिन. अंगाने मी पहिल्यापासून काडी, त्यामुळे ‘तुला कसा काय झाला?’ हे प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटोच छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसूनही आतून कशी असतात ते त्यातून कळतं. लग्नात हे कुठे सांगत बसणार? ‘नशीब’ म्हणते आणि पंगतीला बसते.

सेन्सर म्हणजे दहाच्या नाण्याहून जरा मोठी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला लावायची. तिच्यातला बारीक तंतू कातडीखाली पाचेक मिलिमीटर जातो आणि १४ दिवस तिथेच राहतो. तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या पाण्यातली मोजतो. रक्तातला चढउतार तिथवर पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर भराभर हलत असेल तर जास्तच. घोळ होतो तो बहुतेक इथेच. आकडा खाली दिसला म्हणून साखर खाल्ली, पाच मिनिटांनी पाहिलं तर अजून खालीच, म्हणून परत साखर, मग पेढा, मग केळं, आणि तासाभराने २८०. शिवाय लावल्यापासूनचे पहिले २४ तास आकडा जरा इकडेतिकडे असतो. त्या दिवशी मी त्याच्या भरवशावर काही ठरवत नाही.

धुळ्याला मोठ्या बहिणीकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गेले होते. खापरावरची पुरणपोळी, आमरस, रात्री गच्चीवर अंथरुणं. पहाटे जाग आली ती घामाने. फोन दंडाला लावला तर ५४. ताई धडपडत उठली. ‘काय व्हयनं वं? हातपाय थरथरी ऱ्हायनात का?’ साखरेचा डबाच वर आला. दाजींनाही मधुमेह (आमच्या पिढीत कोणाला नाही ते विचारा), त्यामुळे ग्लुकोमीटर घरात होता. त्यांनी आधी मला हात धुवायला लावले, आणि ते बरोबरच. बोटाला आमरस लागलेला असेल तर पट्टी भलताच मोठा आकडा दाखवते. हात पुसले, बोट टोचलं. १२६.

घाम वैशाखाचा होता आणि ५४ हा आकडा डाव्या कुशीचा. चकतीवर अंगाचा भार पडला की तिथल्या कातडीतलं रक्ताचं येणंजाणं मंदावतं आणि सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. कूस बदलली की थोड्या वेळात तो आपोआप वर येतो. त्या रात्री डब्यातली साखर पोटात गेली असती तर सकाळी तीनशेच्या पुढचा आकडा बघून कोणीतरी ‘इन्सुलिन वाढव’ म्हणालं असतं.

उलटं झालं, म्हणजे साखर खरंच उतरलेली असताना दोष उन्हावर गेला, तर जास्त वाईट. घाम, घेरी, हात कापणं, डोळ्यांपुढे अंधारी: साखर उतरल्याची लक्षणं आणि ऊन लागल्याची लक्षणं आमच्याकडे उन्हाळ्यात ओळखू येत नाहीत, इतकी सारखी. बाजारात कोणी बसकण मारली की लोक सावलीत नेतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. इन्सुलिन घेणाऱ्याला त्या वेळी कांद्याने काही होत नाही. त्यात कातडी तापलेली असली की टोचलेलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं, म्हणजे साखर उन्हातच अचानक उतरायची शक्यता जास्त.

म्हणून आकडा एक सांगतोय आणि अंग दुसरंच सांगतंय, असं झालं की आधी बोट टोचून बघा. ग्लुकोमीटर जवळ नसेल आणि लक्षणं असतील तर साखर उतरलीय असंच धरा: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं दम धरा, मग ग्लुकोमीटर मिळाला तर बोटानेच तपासा. पेढा किंवा तुपातली पोळी त्या वेळी कामाची नाही, तुपामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ला फोन करायचा. हे मी घरच्यांना, शाळेतल्या मावशींना आणि शेजारणीला सांगून ठेवलंय. आपल्यालाच घेरी आली तर आपण काय सांगणार?

आता उन्हाचं. ऑनलाइन मागवलेलं खोकं दुपारभर डिलिव्हरीच्या गाडीत भाजून निघतं. उन्हाळ्याचे सेन्सर मी थंडी असतानाच, मुदतीची तारीख बघून आणते आणि फ्रिजच्या दारात ठेवते, फ्रीजरपासून लांब. उन्हातून आल्यावर लगेच स्कॅन केलं तर कधी कधी ‘सेन्सर गरम आहे’ असा निरोप येतो. सावलीत जरा बसून परत बघायचं. स्कूटरच्या डिकीत ग्लुकोमीटर, पट्ट्या, इन्सुलिन यांतलं काहीही ठेवू नये. वीज जाते तेव्हा इन्सुलिनसाठी माठ: मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात डब्यात बंद केलेलं पेन. आमची हवा कोरडी असल्याने कूलर जसा इथे चालतो तसा माठही चालतो. कोकणातल्या बहिणींनी याच्यावर विसंबू नये.

घामाने चकती सुटते. लावायच्या दिवशी दंडाला तेल-क्रीम काही नको. स्पिरिटने पुसून जागा पूर्ण वाळू द्यायची. वरून चिकटपट्टी लावायची असेल तर मधलं बारीक छिद्र उघडं ठेवायचं. माझा पहिला सेन्सर एसटीत चढताना दाराच्या दांड्याला अडकून निघाला, पारोळ्याच्या स्टँडवर. मग शिंपिणीकडून ब्लाउजच्या बाह्या सैल करून घेतल्या. घट्ट बाहीच्या काठाखाली चकती रोज घासली जाते, हे पुरुष डॉक्टरांच्या लक्षात यायचं कारण नाही. एमआरआय, सीटी स्कॅन करायचं असेल तर सेन्सर काढावा लागतो, म्हणून तपासणीची तारीख बघून मगच नवा लावा. आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर आकडा खोटाच जास्त दिसू शकतो.

एवढ्या कटकटी सांगितल्या, तरी मी सेन्सर लावते. कारण त्याने मला माझं ताट दाखवलं. वरण-बट्टीचा दिवस घ्या. जेवणानंतर दोन तासांनी आकडा इतका सभ्य, की लॅबमध्ये रक्त दिलं असतं तर शाबासकी मिळाली असती. खरा चढ चौथ्या तासाला आला, तुपाने अडवून धरलेला, आणि झोपायच्या वेळेपर्यंत उतरला नाही. वर्षानुवर्षं ‘पीपी’ (जेवणानंतर दोन तासांची साखर) तपासत होते त्यात हे कधी दिसलंच नव्हतं. कळण्याच्या भाकरीचा आलेख गव्हाच्या पोळीपेक्षा बसका; ज्वारीत उडीद असतो त्याचा गुण असावा. पण तीच भाकरी शेवभाजीबरोबर खाल्ली तर भाकरीची पुण्याई शेवेत बुडते. जेवून वीस मिनिटं चाललं की चढाचं टोक बोथट होतं, हे तर दर वेळी दिसलं.

केळ्याचं विचाराल तर माझं माहेर रावेरचं. तिथल्या लेकीला ‘केळी सोडा’ म्हणणं सोपं नाही. पिकून ठिपके पडलेलं अख्खं केळं माझा आकडा उडवतं. जरा कच्चट, अर्धं, मूठभर शेंगदाण्यांबरोबर असेल तर निभावतं. हा माझा आलेख आहे. तुमचा बघून मग ठरवा, माझ्यावर जाऊ नका.

आकडे कोणाला दिसू द्यायचे, हे मात्र सेन्सर लावायच्या आधी ठरवा. अ‍ॅपमधून माझे आकडे पुण्यात मुलाला दिसतात. सुरुवातीला वर्गात फोन थरथरायचा.

‘आई, १९४ का?’

‘अरे, बट्टी केली होती.’

‘किती खाल्ल्या पण?’

सासूबाईंनीसुद्धा बट्ट्या मोजल्या नव्हत्या! शेवटी करार केला: ७०च्या खाली असेल तरच फोन करायचा. जेवणानंतर १९० दिसणं ही आणीबाणी नाही. २०१९ साली तज्ज्ञांनी जगभरासाठी जे ठरवलं त्यात ७० ते १८०च्या पट्ट्यात दिवसाचे ७० टक्के, म्हणजे सतरा तासांच्या आसपास असावं, असं आहे. वयस्कर, नाजूक तब्येतीच्या माणसाला निम्मा दिवसही पुरतो, फक्त साखर खाली जाता कामा नये. दर दहा मिनिटांनी फोन दंडाला लावून बघणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. त्यांचं जेवण सुटतं, झोप उडते, आणि काळजीने साखर आणखी चढते ती वेगळीच.

राहिला पैशांचा प्रश्न. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास जातो, महिन्याला दोन लागतात. माझ्या पगारात ते बारा महिने बसत नाही, केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईच्या तर नाहीच. तेवढ्या पैशांत दोनेकशे पट्ट्या येतात, आणि नेमाने वापरलेल्या पट्ट्या कमी समजू नका. ज्यांची साखर वरचेवर किंवा झोपेत उतरते, ज्यांचं मूल टाइप वनचं आहे, त्यांनी दुसरीकडे काटकसर करून सेन्सर लावावा. फक्त गोळ्यांवर असणाऱ्यांना वर्षातून एक-दोनदा बस होईल. घ्यायच्या आधी फोनमध्ये एनएफसी आहे का ते बघा; स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत नसतं, मग वेगळा रीडर घ्यावा लागतो. आणि माझ्यासारखा स्कॅन करायचा प्रकार असेल तर आठ तासांच्या आत एकदा तरी फोन दंडाला लावायचा, नाहीतर मधला आलेख हातचा जातो.

मी आखाजीच्या आधी एक लावते, दिवाळीच्या सुमाराला एक, आणि डोस बदलला तर त्यानंतर एक. त्या १४ दिवसांत वही ठेवते: काय खाल्लं, किती वाजता टोचलं, उन्हात किती होते, कुठल्या कुशीवर झोपले. डोस डॉक्टरच बदलतात. त्यांच्यापुढे आलेख आणि वही दोन्ही ठेवते, आणि आधी वही बघा म्हणते.