सोलंगच्या बर्फात सहकुटुंब एक दिवस : पहिल्यावहिल्या स्कीइंगची कृती

मनालीची तिकिटं काढून झाली आहेत आणि घरातल्या धाकट्याने विचारलंय, "आपण स्कीइंग करायचं का?" बेधडक हो म्हणा! मनालीपासून साधारण १४ किलोमीटरवर, सुमारे २,५०० मीटर उंचीवर सोलंग आहे. तिथले खालचे उतार रुंद आणि सौम्य आहेत, नवशिक्यांना अगदी सोयीचे. तुम्ही फक्त क्रम सांभाळा. आधी स्कीइंग, मग फोटो, मॅगी, रोपवे आणि बाकीची मजा. क्रम उलटला की दुपार होते, पाय थकतात आणि स्की पायात चढायच्या आतच परतायची वेळ होते. चला तर, एकेक पायरी घेऊ या.

साहित्य (माणशी)

थर्मलचा एक जोड, एक लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, पाणी आत न जाणारे हातमोजे, लोकरी मोज्यांचे दोन जोड, कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायचा बाम. सगळ्यांत मिळून : गरम पाण्याचा थर्मास, खाऊचा डबा, औषधांची पिशवी, पॉवर बँक, सुटे पैसे, दोन-तीन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या.

घरून निघण्याआधी

१. तारीख ठरवा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हा सोलंगला बर्फाचा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. सावधान : नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. तेव्हा गर्दी उसळलेली असते आणि बर्फाची खात्री नसते.

२. वार निवडा. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार उत्तम. सावधान : २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली असेल तर ते दिवस सोडा.

३. मनालीत एक दिवस जादा धरा. ज्या दिवशी बर्फ पडतो त्या दिवशी रस्ता बंद होऊ शकतो. हाताशी मोकळा दिवस असला की बेत नुसता पुढे सरकतो, मोडत नाही.

४. आजी-आजोबांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी त्यांचं मत घ्या. सावधान : रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

५. कपडे थरांप्रमाणे वेगळे काढा. अंगाला थर्मल, त्यावर स्वेटर, सर्वांत वर बर्फाचा पोशाख. तो पोशाख तिथे भाड्याने मिळतो. सावधान : सुती बनियन आणि जीन्स घरीच राहू द्या. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही आणि हुडहुडी भरते.

६. हातमोजे विकत घ्या. भाड्याचे मोजे पुष्कळदा नुसते लोकरीचे असतात. पहिल्यांदा पडलात की ते भिजतात आणि मुलं रडकुंडीला येतात.

७. प्रवासाला टिकणारा खाऊ बांधा. संक्रांतीच्या गुळपोळ्या, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. थंडीत भूक सपाटून लागते, त्यामुळे नेहमीपेक्षा थोडं जास्तच घ्या.

आदल्या दिवशी, मनालीत

८. पोहोचल्याचा दिवस विश्रांतीला द्या. रात्रभर बसने घाट चढून आलेलं अंग लगेच उतारावर नेऊ नका. मॉल रोडवर एक चक्कर मारा, तेवढं पुरे.

९. संध्याकाळी हवामान बघा. हवामान खात्याचा इशारा वाचा आणि हॉटेलवाल्यालाही विचारा. सावधान : ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर जादा ठेवलेला दिवस वापरा.

१०. स्थानिक चालकाची गाडी ठरवा. ताजा बर्फ पडला असेल तर नेहरू कुंडाच्या पुढे बहुधा फोर-बाय-फोर गाड्याच सोडतात. सावधान : स्वतःची गाडी आणली असली तरी ती हॉटेलातच राहू द्या. गोठलेल्या रस्त्यावर चाक घसरतं.

११. चालकाशी दिवसाचा बेत स्पष्ट बोला. सकाळी आठला निघणं, वाटेत एकच थांबा, तीनला परत. सावधान : त्याच दिवसात अटल बोगदा आणि सिस्सू कोंबू नका. त्याला वेगळा दिवस द्या.

१२. फोन आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज करा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. उद्या फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचा.

सकाळी

१३. पोटभर नाश्ता करा. पराठे, अंडी, दूध, जे रुचेल ते. सावधान : घाटात मळमळणाऱ्या मुलांना तेलकट कमी द्या.

१४. तोंडाला सनस्क्रीन लावा. नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा, कारण बर्फावरून ऊन उलटून खालून लागतं.

१५. आठ वाजता निघा. दहानंतर पलचानपासून पुढे गाड्यांच्या रांगा लागतात. रांगेत गेलेला तास स्कीइंगमधून वजा होतो.

१६. वाटेत बर्फाचे पोशाख भाड्याने घ्या. प्रत्येकाने घालून पाहा, खाली बसून पाहा, चेन वर-खाली करून पाहा. सावधान : आतून दमट असलेला पोशाख किंवा गमबूट परत द्या आणि कोरडा मागा.

१७. भाडं आणि अनामत पावतीवर लिहून घ्या. सावधान : ओळखपत्र मागितलं तर झेरॉक्स द्या. मूळ आधार कार्ड दुकानात ठेवू नका.

१८. पोशाख चढवण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा. "मला नाही लागली" म्हणणाऱ्यांनाही! एकसंध पोशाख उतारावर काढणं म्हणजे अर्धा तास गेलाच.

सोलंगला पोहोचल्यावर

१९. भेटायची जागा नक्की करा. रोपवेचं खालचं स्टेशन लांबूनही ओळखू येतं, तेच ठरवा. मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. सारख्या पोशाखांच्या गर्दीत मूल पटकन दिसत नाही.

२०. आजी-आजोबांची बसायची सोय लावा. उन्हातली चहाची टपरी बघा, खुर्चीवर प्लास्टिकची पिशवी अंथरा, थर्मास त्यांच्याजवळ द्या.

२१. स्की शिकवणारा ठरवा. शब्द असे वापरा : "भैया, पूरे दो घंटे का, सामान समेत, एक आदमी का कितना?" दोन-तीन जणांमागे एक शिकवणारा हवा. सावधान : "एक राउंड" असा भाव मान्य करू नका. तो हात धरून एकदा खाली आणतो, फोटो निघतो आणि खेळ संपतो.

२२. बूट पायात घाला. आत मोज्यांचा एकच जोड, थर्मल बुटाच्या वर. बक्कल लावल्यावर टाच हलता कामा नये, बोटं मात्र हलायला हवीत. सावधान : बोटांना मुंग्या येत असतील तर लगेच मोठा बूट मागा. "थोड्या वेळाने सैल होईल" यावर विसंबू नका.

२३. स्कीची उंची मापा. स्की उभी धरा. नवशिक्याला ती छाती ते हनुवटीपर्यंत पुरे. त्याहून लांब स्की वळत नाही आणि वेग घेते.

२४. वजन खरं सांगा. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग त्यावर बसवतात. सावधान : वजन फुगवून सांगितलं तर पडताना स्की पायातून सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

२५. हेल्मेट मागा, मुलांसाठी तर आग्रहाने. सावधान : ते नसेल तर मुलांना वरच्या उतारावर नेऊ नका. अगदी खालच्या सपाट भागातच खेळवा.

२६. गर्दीपासून दूरची कड निवडा. मधल्या मैदानात ट्यूब, स्नो स्कूटर आणि घोडे सगळे एकत्र असतात. शिकवणाऱ्याला सांगा, "भैया, साइड में सिखाइए."

उतारावर

२७. नुसत्या बुटांनी पाच मिनिटं चाला. बूट जड आणि ताठ असतो, पायाला त्याची ओळख होऊ द्या.

२८. बुटाच्या तळाचा बर्फ झाडा. तळाला बर्फ चिकटला असेल तर बाइंडिंग लागत नाही, किंवा लागल्यासारखं वाटतं आणि उतारावर सुटतं.

२९. एकच स्की चढवा. आधी पुढचं टोक अडकवा, मग टाच दाबा, "खट्" आवाज ऐका. एका पायाने सपाटीवर घसरत चाला, मग पाय बदला.

३०. दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवून चढवा. सावधान : टोकं खालच्या दिशेला असतील तर दुसरी स्की चढायच्या आत तुम्ही निघालेले असाल.

३१. मुद्दाम पडा. हो, मुद्दाम! उताराच्या वरच्या अंगाला, कुशीवर, अलगद बसल्यासारखे पडा. हात मागे टेकवू नका, मनगट दुखावतं.

३२. उठायला शिका. पडल्या पडल्या दोन्ही स्की उताराला आडव्या आणा, गुडघे छातीशी घ्या, वरच्या बाजूला हात टेकून उभे राहा. हे जमेपर्यंत पुढची पायरी नाही.

३३. थांबायला शिका. स्कीची पुढची टोकं जवळ आणा, मागची टोकं लांब ढकला. वरून पाहिलं तर कौलारू छपराचा आकार दिसायला हवा. गुडघे वाकवा, नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकवा. सावधान : घाबरून मागे झुकू नका. मागे झुकलं की वेग वाढतो.

३४. आडव्या पावलांनी दहा पावलं वर चढा. स्की उताराला आडव्या, एक पाय वर, दुसरा त्याच्याशी. मुलं दमली तर पाच पावलं पुरेत.

३५. पहिली घसरण घ्या. नजर समोर, हात पुढे, छपराचा आकार तसाच. खाली येऊन स्वतः थांबा. थांबलात? शाब्बास, तुम्हाला स्कीइंगची सुरुवात जमली!

३६. दर फेरीला थोडं वरून निघा. सावधान : निघण्याआधी खाली पाहा. खालच्या माणसाचा मान पहिला, त्याला वाट द्यायची जबाबदारी वरून येणाऱ्याची.

३७. अर्ध्या-पाऊण तासाने थांबून सगळ्यांना गरम पाणी आणि चिक्की द्या. थंडीत तहान कळत नाही, पण शरीराला पाणी लागतंच.

३८. ताकद शिल्लक असतानाच थांबा. दोन तास भरले की स्की काढा, "बाबा, अजून एकच!" आलं तरीही. थकलेल्या पायांच्या शेवटच्या फेरीतच दुखापती होतात.

दुपारी आणि परतताना

३९. मोजे बदला. पाय पुसून कोरडा जोड चढवा. गमबूट आतून ओला असेल तर मोज्यावर प्लास्टिकची पिशवी घालून मग बूट चढवा.

४०. मुलांच्या हातापायांची बोटं तपासा. एखादं बोट पांढरं, बधिर वाटलं तर ते काखेत किंवा तळहातांत धरून ऊब द्या. सावधान : चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. रंग आणि संवेदना परत आली नाही तर लगेच मनालीला डॉक्टरकडे न्या.

४१. आता जेवा. डबा उघडा, वर गरम मॅगी आणि चहा घ्या.

४२. आजी-आजोबांना घेऊन रोपवेने वर जा. न चालता डोंगरमाथा बघायचा हाच मार्ग. सावधान : वर वारा जास्त असतो, कानटोपी आधीच घाला. धाप किंवा चक्कर वाटली तर लगेच खाली या.

४३. तीन वाजता गाडीत बसा. ऊन डोंगराआड गेलं की ओला रस्ता गोठू लागतो आणि सगळ्या गाड्या एकदमच निघतात.

४४. पोशाख परत करण्याआधी सगळे खिसे तपासा. गॉगल, चिठ्ठ्या, चिक्कीचे तुकडे, सगळं तिथेच सापडतं. मग अनामत मोजून घ्या.

४५. हॉटेलवर सगळ्यांनी कोमट पाण्याने अंघोळ करा आणि पोटऱ्या-मांड्या ताणून घ्या. दुसऱ्या दिवशी पाय थोडे भरून येतील, ते ठीकच. सांधा सुजला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

४६. मुलांना गोडी लागली असेल तर मनालीतल्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संबद्ध क्रीडा संस्थेकडे स्की कोर्सची चौकशी करा. सावधान : ते कोर्स बरेच दिवस चालतात. वयाची अट आणि तारखा आधी पाहा, शाळेच्या परीक्षांशी जुळवा आणि मगच पुढच्या हिवाळ्याची तिकिटं काढा.