खिशातली थेंबांची बाटली

काही महिन्यांपूर्वी ओपीडीत संत्र्याचे एक बागायतदार आले. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी नाकात टाकायच्या थेंबांची बाटली. खुर्चीवर बसता बसता दोन थेंब डावीकडे, दोन उजवीकडे सोडले आणि मगच बोलायला लागले. "साहेब, नाकातलं हाड वाढलं म्हणते. रातभर तोंडानं श्वास घ्या लागते. थेंब टाकल्याबिगर डोळाच लागत नाही." एक बाटली किती दिवस पुरते? "आठ दिवस." आणि किती वर्षं झाली? "चार दिवाळ्या झाल्या असतील जी."

वरूड-मोर्शीकडे नाक चोंदलेला माणूस "हाड वाढलं" असंच सांगत येतो. खरं तर हाड सहसा वाढत नाही. एक तर मधला पडदा वाकडा असतो, नाही तर बाजूच्या भिंतीवरची मांसल घडी सुजलेली असते. या घडीला आम्ही टर्बिनेट म्हणतो. आत जाणारी हवा गरम आणि ओलसर करायची, धूळ अडवायची, हे तिचं काम. ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते, म्हणून फुगते आणि ओसरते. दर काही तासांनी एक नाकपुडी जराशी बंद आणि दुसरी मोकळी, हा निसर्गाचाच फेरा आहे. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो १८९५ मध्ये नोंदवला. कुशीवर झोपल्यावर खालची बाजू चोंदते, तोही आजार नव्हे. पण काँग्रेस गवत, जिनिंगची रुई, घरातली धूळ यांची ॲलर्जी असेल, तर ही घडी फुगलेलीच राहते. फवारणीच्या दिवसांत तोंडाला रुमाल न बांधणारे तर आणखी त्रास ओढवून घेतात.

मी या बागायतदारांच्या नाकात औषधात भिजवलेला कापसाचा बोळा दहा मिनिटं ठेवला आणि दुर्बिणीतून मॉनिटरवर आधीचं-नंतरचं दाखवलं. आधी मधल्या पडद्याला टेकलेली, जांभळट, टम्म घडी. नंतर आक्रसून बाजूला सरकलेली. "अरे, मोकळं झालं की!" याचा अर्थ अडथळा मुख्यतः मऊ भागाचा आहे. बोळ्यानंतरही नाक उघडत नसेल, तर पडदा किंवा हाडाकडे बघावं लागतं. गालावर बोटं ठेवून तो बाहेरच्या बाजूला ओढल्यावर श्वास सुटत असेल, तर दोष नाकाच्या दाराशीच आहे. इतकं कळल्याशिवाय कुणी थेट ऑपरेशनची तारीख दिली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता ती बाटली. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन ही नावं तिच्यावर वाचा. ही औषधं रक्तवाहिन्या आवळतात, पण पाच-सात दिवसांच्या पुढे वापरली की असर उतरताच सूज दुप्पट जोरानं परत येते. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. सोडताना आधी एकाच नाकपुडीत बंद करा. ती मोकळी राहू लागली की दुसरी. सोबत स्टेरॉईडचा स्प्रे. नाव ऐकून घाबरू नका, मात्रा अगदी थोडी असते. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे नव्हे तर कानाच्या दिशेनं. असर दिसायला आठ-पंधरा दिवस लागतात. दोन दिवसांत सोडून "काही फरक नाही" म्हणू नका. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं असेल, तर पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच नको.

दोन-तीन महिने हे सगळं नीट करूनही घडी बसली नाही, तर रेडिओफ्रिक्वेन्सी. जागा बधिर करून सुई घडीच्या आत घालतात आणि काही सेकंद साधारण ६० ते ९० अंश उष्णता देतात. वरची त्वचा शाबूत राहते, आतला भाग हळूहळू आक्रसतो. अर्ध्या तासाचं काम; टाका नाही, पूर्ण भूल नाही, संध्याकाळी घरी. पूर्वी अख्खी घडीच कापून टाकत. त्यानं काही वेळा नाक रिकामं, कोरडं आणि खपल्यांनी भरलेलं व्हायचं, आणि गंमत म्हणजे त्या माणसाला नाक बंदच वाटायचं. म्हणून आज कमी काढणं हेच शहाणपण. मात्र ॲलर्जी यानं जात नाही, काही वर्षांनी सूज परत येऊ शकते. पडदा वाकडा असेल तर तो वेगळा सरळ करावा लागतो, तोही नाकाच्या आतूनच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो, अमरावतीच्या इर्विन या सरकारी रुग्णालयांत दाखवणार असाल, तर ही यंत्रणा तिथे आहे का, ते फोन करून विचारा, गाडीभाडं वाचेल.

एक सूचना मात्र तातडीची. एकाच बाजूनं नाक बंद, त्यातून रक्त, दुर्गंधी, गालावर बधिरपणा, किंवा मधुमेह असून काळी खपली दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका.

बागायतदारांची घडी स्प्रेनं बसली नाही, म्हणून ही सुई झाली. आठव्या दिवशी रागातच आले, "पहिल्यापेक्षा जास्त बंद आहे." मी आधी सांगितलं होतं, पहिले काही दिवस सूज येते, खपल्या धरतात, खरा फरक तीन ते सहा आठवड्यांनी. महिन्यानं परत आले तेव्हा खिशात फक्त पेन होता. पण वहिनी सोबत होत्या, त्यांची तक्रार कायम: "घोरणं काही गेलं नाही." नाक मोकळं झालं म्हणजे घोरणं थांबेलच असं नाही, मान, वजन, जिभेचा मागचा भाग, सगळ्यांचा त्यात हात असतो. झोपेत श्वास मधेच थांबतो का, हे मी वहिनींना दोन रात्री जागून बघायला सांगितलंय.