श्रीक्षेत्र काशी : जाणत्या मार्गदर्शकासह नगरदर्शन

श्रीक्षेत्र काशी येथे जाणाऱ्या महाराष्ट्रीय भाविकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे गंगास्नान, त्यानंतर श्रीविश्वनाथ, श्रीअन्नपूर्णा व श्रीकालभैरव यांचे दर्शन, सायंकाळी दशाश्वमेध घाटावरील गंगा आरती आणि दुसऱ्या दिवशी प्रयाग किंवा गयेकडे प्रस्थान. त्रिस्थळी यात्रेच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे. तथापि या धावपळीत काशी हे नगर पाहावयाचे राहून जाते. ज्या पायऱ्या उतरून भाविक स्नानास जातात, त्या कोणी बांधल्या आणि कोणाच्या द्रव्यातून बांधल्या, हे सांगणारा कोणी सोबत नसेल तर तो दगड मुकाच राहतो.

ज्यांना काशीस एक दिवस अधिक देणे शक्य आहे, त्यांनी तो जाणत्या मार्गदर्शकासह, म्हणजे प्रचलित भाषेत गाइड घेऊन, नगरदर्शनासाठी अवश्य द्यावा. हे दर्शन कोणत्या क्रमाने करावे, मार्गदर्शक कसा निवडावा आणि त्याच्या कथनातून काय घ्यावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

नगराची रचना

वरुणा आणि असी या दोन प्रवाहांच्या दरम्यान वसलेले नगर ते वाराणसी, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. नगर तिच्या पश्चिम तीरावर उंच काठाने वसले आहे, तर समोरचा पूर्व तीर सखल व वाळूचा असून तेथे वस्ती नाही. त्यामुळे सर्व घाट पूर्वाभिमुख आहेत आणि सूर्योदयाचे पहिले किरण थेट पायऱ्यांवर पडतात. असी घाटापासून आदिकेशव घाटापर्यंतचे अंतर सुमारे सहा-सात किलोमीटर असून घाटांची संख्या परंपरेने ८४ मानली जाते.

काशी अतिप्राचीन आहे, यात शंका नाही. परंतु डोळ्यांना दिसणारे दगडी घाट व मंदिरे मात्र बव्हंशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उभी राहिलेली आहेत. ती उभारण्यात महाराष्ट्रातील व मराठी संस्थानांतील दात्यांचा वाटा फार मोठा आहे. ही एक गोष्ट ध्यानी ठेवली, तरी नगरदर्शनाला निराळा अर्थ येतो.

नौकेतून घाटदर्शन

घाटदर्शन सूर्योदयापूर्वी असी घाटावरून नौकेने सुरू करावे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे. वृद्ध व गुडघेदुखी असलेल्या भाविकांना हाच मार्ग सोयीचा पडतो, कारण प्रत्येक घाटावर चढ-उतार करावी लागत नाही.

प्रारंभीच तुलसी घाट लागतो. संत तुलसीदासांचे वास्तव्य येथे होते. जवळच भदैनी भागात राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान असून तेथे त्यांचे स्मारक उभारलेले आहे. मोरोपंत तांबे यांच्या या कन्येचे माहेरचे नाव मणिकर्णिका होते, हे येथे आवर्जून आठवावे. पुढे हरिश्चंद्र घाट व केदार घाट ओलांडल्यावर मुन्शी घाट येतो. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर मुन्शी यांच्यावरून त्यास हे नाव पडले. त्यास लागूनच अहिल्याबाई घाट आहे. त्यानंतरचा दशाश्वमेध घाट अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात पक्का बांधला गेला.

दशाश्वमेधाशेजारी मानमंदिर घाट आहे. येथील महाल आमेरचे राजा मानसिंह यांनी इ. स. १६०० च्या सुमारास बांधला. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी या त्यांच्या पाच वेधशाळांपैकी ही एक होय. पंचांगाविषयी आस्था असणाऱ्या भाविकांनी नौका थांबवून ती अवश्य पाहावी.

यापुढे मणिकर्णिका घाट. येथील अंत्यसंस्कार अहोरात्र चालू असतात. या घाटासमोर नौकेचा वेग कमी करावा, बोलणे थांबवावे आणि छायाचित्रे मुळीच घेऊ नयेत. हीच मर्यादा हरिश्चंद्र घाटावरही पाळावी. तेथे प्रत्येक चितेजवळ कोणाचे तरी कुटुंब दुःखात उभे असते. मणिकर्णिका घाटाच्या पुनर्विकासाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले असल्याने तेथील वाटांविषयी मार्गदर्शकाकडून आधी विचारून घ्यावे.

मणिकर्णिकेस लागून शिंदे घाट, पुढे नागपूरकरांचा भोसले घाट, त्यापलीकडे अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित गणेश घाट आणि मग पंचगंगा घाट, असा क्रम लागतो. पंचगंगेवरील प्राचीन बिंदुमाधव मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले व त्या जागी मशीद उभी राहिली. सध्याचे बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. पुढील दुर्गा घाट व ब्रह्मा घाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. येथील गल्ल्यांतून फिरताना वाड्यांची धाटणी पाहून पुणे-नाशिकची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

श्रीविश्वनाथ मंदिर

घाटदर्शनानंतर मंदिराकडे जावे. पूर्वीचे मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आदेशाने पाडण्यात आले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० मध्ये, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी सध्याचे मंदिर उभारून पूर्ण केले. शिखरावरील सोने पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी अर्पण केले. जवळच्या ज्ञानवापी या कूपावरील स्तंभमंडप ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८२८ मध्ये बांधविला. म्हणजे एकाच परिसरात माळवा, पंजाब व ग्वाल्हेर या तीन दूरच्या प्रदेशांतील दात्यांचे हात लागलेले आहेत.

१३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धामामुळे मंदिरापासून गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग झाला आहे. पूर्वीची अरुंद गल्ल्यांतील गर्दी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हा बदल विशेष जाणवेल. भ्रमणध्वनी, कॅमेरा इत्यादी वस्तू आत नेता येत नाहीत. त्या निवासस्थानीच ठेवून निघावे, हे उत्तम.

दान आणि त्याची व्यवस्था

दान करणाऱ्या भाविकांनी काशीत एक गोष्ट मुद्दाम पाहावी. बायजाबाईंनीच १८३० च्या सुमारास शिंदे घाट बांधविला. त्याचे बांधकाम अत्यंत भव्य व वजनदार होते. नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीस तो भार पेलला नाही व घाट खचला. पुढे त्याचे पुन्हा बांधकाम करावे लागले. घाटाच्या कडेला असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते. याउलट त्यांच्याच द्रव्यातून झालेला ज्ञानवापीचा साधा मंडप जागच्या जागी आहे. दात्री एकच, श्रद्धाही एकच. अंतर पडले ते पायाखालच्या जमिनीमुळे.

अहिल्याबाईंच्या कार्याचे मोठेपणही केवळ बांधकामांच्या संख्येत नाही. त्यांनी हा धर्मदाय आपल्या खासगीच्या द्रव्यातून केला आणि मंदिर उभे राहिल्यावर पूजाअर्चा, अन्नछत्र व देखभाल चालू राहावी, यासाठी नेमणुका करून दिल्या. दूरदूरच्या देवस्थानांना दरवर्षी गंगोदक पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यांनी लावली होती. वास्तू उभारणे हे दानाचे पहिले पाऊल होय. ती वास्तू दात्याच्या पश्चात नांदती राहील अशी तजवीज करणे, हे दुसरे. दुसरे पाऊल ज्यांनी टाकले, त्यांचे दान टिकले. पाटीवर नाव कोरून घेण्याचा विचार मनात येईल, तेव्हा काशीचा हा धडा स्मरावा.

मार्गदर्शक कसा निवडावा

नगरदर्शनाचे सार्थक योग्य मार्गदर्शकावर अवलंबून आहे. त्यासाठी पुढील सूचना ध्यानात घ्याव्यात.

१. केंद्र अथवा राज्य शासनाच्या पर्यटन खात्याचे ओळखपत्र असलेलाच मार्गदर्शक घ्यावा व ते ओळखपत्र प्रत्यक्ष पाहावे. रेल्वे स्थानकावर किंवा घाटावर आपणहून गाठणाऱ्या व्यक्तींवर विसंबू नये.

२. मानधन, वेळ व पाहावयाची स्थळे आदल्या दिवशीच ठरवावीत. नौकेचे भाडे मानधनात धरले आहे किंवा कसे, हेही स्पष्ट विचारावे.

३. साडी, रुद्राक्ष वा रत्ने यांच्या दुकानांत जावयाचे नाही, हे आधीच सांगावे. खरेदी करावयाची असल्यास ती वेगळ्या वेळी स्वतंत्रपणे करावी.

४. स्मशानघाटाजवळ गरिबांच्या लाकडांसाठी म्हणून अनोळखी व्यक्ती पैसे मागतात. अशा वेळी भावनेच्या भरात पैसे देऊ नयेत. दान करावयाचे असल्यास ते पावती देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेसच करावे.

५. मार्गदर्शक व तीर्थोपाध्याय यांची कामे भिन्न आहेत. श्राद्ध, तर्पण आदी विधी आपल्या तीर्थोपाध्यायांकडूनच करावेत. त्यांच्याकडील नामावळीत पूर्वजांची नोंद सापडल्यास ती अवश्य पाहावी. आपल्या घराण्याचा काशीशी असलेला संबंध त्या एका ओळीतून उलगडतो.

६. पावसाळ्यात गंगेला पूर आल्यास खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात व नौका बंद ठेवल्या जातात. निवांत घाटदर्शनासाठी कार्तिक ते फाल्गुन हा काळ अनुकूल होय. मात्र पौष-माघात पहाटे दाट धुके व कडाक्याची थंडी असते.

कथा, परंपरा आणि इतिहास

काशीत प्रत्येक दगडाची एक कथा आहे. चांगला मार्गदर्शक ती रंगवून सांगतो. परंतु श्रेष्ठ मार्गदर्शक कथा कोणती व लेखी आधार असलेला इतिहास कोणता, हेही सांगतो. भाविकांनी तसे नम्रपणे विचारावे. असे विचारण्यात श्रद्धेचा अनादर नाही.

उदाहरणार्थ, रत्नेश्वर मंदिर कलले ते मातेच्या शापामुळे, कारण मातेचे ऋण फिटत नाही, अशी कथा सांगतात. तिचा बोध सुंदर आहे व तो घ्यावाच; मंदिर कलण्याचे कारण मात्र नदीकाठच्या जमिनीत शोधावे लागते. दशाश्वमेधावरील भव्य गंगा आरती अनादि काळापासून अशीच चालत आली आहे, असा अनेकांचा समज असतो. गंगापूजन प्राचीन आहेच. परंतु आजच्या भव्य सामूहिक स्वरूपातील आरती १९९० च्या दशकात सुरू झाली. हे कळल्याने आरतीचे पावित्र्य उणे होत नाही. उलट, जिवंत परंपरा नवे रूप कसे धारण करते, हे दिसते.

संत एकनाथांचे उदाहरण महाराष्ट्रीयांना जवळचे आहे. पैठण येथे आरंभिलेली श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका नाथांनी शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, वाराणसीत पूर्ण केली. प्राकृतात ग्रंथ रचला म्हणून पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला व पुढे त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी आख्यायिका आहे. ग्रंथपूर्तीचा शक हा इतिहास. मिरवणूक ही परंपरेने जपलेली आठवण. दोन्हींचे मोल निरनिराळे असून दोन्ही जतन करण्याजोगी आहेत.

महाराष्ट्र आणि काशी यांचा हा संबंध पुढेही अखंड राहिला. त्रिस्थळी यात्रेवरील ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ सोळाव्या शतकात काशीत लिहिणारे नारायणभट्ट हे मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. पैठणहून काशीस गेलेली विद्या काशीहून रायगडावर आली. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत उभे राहून मार्गदर्शकाच्या तोंडून हा इतिहास ऐकताना आपण परक्या नगरात आलो आहोत, असे भाविकांस वाटणार नाही.

वेळ असल्यास

दुपारची विश्रांती घेऊन सुमारे दहा किलोमीटरवरील सारनाथ पाहता येते. भगवान बुद्धांच्या प्रथम उपदेशाचे हे स्थान. भारताचे राजचिन्ह ज्या सिंहशीर्षावरून घेतले आहे, ते मूळ अशोककालीन शिल्प तेथील संग्रहालयात आहे. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस निवडावा.

परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी भाविकांनी आपल्या यात्रेच्या वहीत तीन नोंदी कराव्यात : आपण कोणत्या घाटावर स्नान केले, तो कोणी बांधला आणि आज त्याची स्वच्छता कोण राखते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शक देईल. तिसऱ्याचे उत्तर घाटावर झाडू मारणाऱ्या व पुरानंतरचा गाळ काढणाऱ्या हातांत आहे. त्यांनाही मनोमन नमस्कार करून, निर्माल्य व प्लॅस्टिक गंगेत न टाकता यात्रेची सांगता करावी.

॥ शुभं भवतु ॥