कृषिपंपाची मोटार का जळते आणि ती कशी वाचवावी

रब्बी ज्वारीला पाणी कमी असले तरी दोन पाळ्या चुकवून चालत नाहीत. एक पोटरीत असताना, म्हणजे पेरणीपासून ५० ते ५५ दिवसांनी, आणि दुसरी फुलोऱ्यात, म्हणजे ७० ते ७५ दिवसांनी. परंडा तालुक्यात सोनारीच्या परिसरात ज्वारी, ऊस आणि थोडाफार भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी असूनही नेमक्या याच दिवसांत मोटार जळली, तर पंप वर काढणे, वायंडिंग भरून आणणे आणि पुन्हा सोडणे यात आठवडा जातो. वायंडिंगचे पैसे कळतात, हिशेबात धरले जातात. न भरलेल्या कणसाचे पैसे मात्र कोणी धरत नाही. म्हणून पीक लागवडीच्या या पानावर आज विजेविषयी लिहीत आहे.

मोटार 'वयाने' क्वचितच जळते. ती जळते उष्णतेने. वायंडिंगच्या तारेवरचे आवरण ठरावीक तापमान सोसते. त्यापुढे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढून तसेच राहिले, तर आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते. ही उष्णता तारेतून जाणाऱ्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अँपिअर दुप्पट झाले की उष्णता चौपट. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

एक फेज गेली की काय होते

आपल्याकडे सर्वांत जास्त मोटारी जातात त्या 'सिंगल फेजिंग'मुळे. तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडतो, डीपीवरचा जंप सुटतो किंवा झोळ पडलेली तार वाऱ्याने तुटते. (सोनारीकरांनी यात माकडांची उडीही धरावी.) मोटार बंद असताना फेज गेली, तर चालू करताना ती फिरत नाही, नुसती घूं घूं करते. अशा वेळी काही सेकंदांत बटण बंद केले तर ती वाचते. खरा धोका चालू मोटारीला आहे. ती थांबत नाही. दोन फेजवर फिरत राहते, पाणीही येत राहते, आणि उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह वाहू लागतो. पाच अश्वशक्तीची मोटार ८ अँपिअर घेत असेल, तर ती आता १४ घेते. उष्णता तिप्पट होते आणि काही मिनिटांत वायंडिंगचा वास येतो.

येथे पुष्कळ जण विचारतात, की स्टार्टर मग कशासाठी बसवला आहे? स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइल ही बहुधा दोनच फेजवर जोडलेली असते. त्या दोनपैकी एक गेली तर कॉइल सुटते आणि मोटार बंद पडते. गेलेली फेज तिसरी असेल, तर कॉइलला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे तीनपैकी एका प्रसंगी स्टार्टर उघड्या डोळ्यांनी मोटार जळू देतो.

दुसरी राखण ओव्हरलोड रिलेची. तिच्यावर सुई फिरवून अँपिअर ठरवता येतात. ती सुई मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या पूर्ण भाराच्या अँपिअरवर ठेवावी. 'सारखी ट्रिप होते' म्हणून सुई शेवटच्या टोकाला नेणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्टार्टरमध्ये काडी खोचून ठेवणे, हे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देण्यासारखे आहे. रिले सारखी सुटत असेल तर रिलेचा दोष क्वचित असतो. काहीतरी बिघडले आहे असे ती सांगत असते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल, तर रिले बहुतेक वेळा वायंडिंगच्या फेजमध्ये असते. तेथे पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पट ठेवावे लागते. १८ अँपिअरच्या मोटारीला १०.४ अँपिअर. पुष्कळ ठिकाणी ती १८ वरच ठेवलेली आढळते, म्हणजे ती असून नसल्यासारखी.

रिले नीट लावली तरी ती पुरेशी नाही. पाण्याची पातळी, उंची यांमुळे पंपावर पूर्ण भार नसेल, तर एक फेज गेल्यावरही तारेतला प्रवाह रिलेच्या आकड्याच्या आसपासच राहतो. डेल्टा जोडणीत मात्र आतल्या तीन गुंडाळ्यांपैकी एकीत इतर दोहोंच्या दुप्पट प्रवाह जातो. बाहेर सगळे ठीक दिसते आणि आत एक गुंडाळी भाजत असते. म्हणून 'सिंगल फेज प्रिव्हेंटर' हे वेगळे साधन घ्यावे लागते.

ते घेताना एक बारकावा पाहावा. काही प्रिव्हेंटर विद्युतदाब पाहतात, काही प्रवाह पाहतात. मोटार फिरत असताना गेलेल्या फेजच्या तारेवर ती स्वतःच दाब निर्माण करते. शेजाऱ्यांच्या मोटारी त्याच डीपीवर चालू असतील तर त्यांचाही हातभार लागतो. त्यामुळे फक्त दाब पाहणारे साधन फसू शकते. प्रवाहातील असमतोल पाहणारे साधन फसत नाही, कारण तुटलेल्या तारेतून प्रवाह जाणार कसा? शक्य असेल तर दाब व प्रवाह दोन्ही पाहणारे, उलट फेज ओळखणारे आणि कोरडी मोटार चालू दिसताच बंद करणारे एकत्रित पॅनेल घ्यावे. बोअरसाठी कोरड्या मोटारीची सोय फार मोलाची आहे. सबमर्सिबल मोटार भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते, आणि एप्रिलमध्ये पाणी तळाला गेले की ते मिळत नाही.

स्टार्टरच्या पाटीवर तीन बल्ब लावण्याची पद्धत चांगली आहे, पण ते मोटार चालू करण्यापूर्वी पाहावेत. एक बल्ब पूर्ण उजळ आणि दोन मंद दिसले, तर बिघाड बहुधा डीपीच्या वरच्या बाजूस, ११ केव्हीच्या डीओ फ्यूजमध्ये असतो. अशा स्थितीत बटण दाबूच नये.

रात्रीच्या पाळीत घरगुती वापरासाठी एकच फेज येत असताना कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार ओढण्याचा प्रकारही सर्रास होतो. मोटार फिरते हे खरे. पण त्यासाठी प्रिव्हेंटर शंट करावा लागतो, आणि एकदा शंट केलेला प्रिव्हेंटर पुन्हा जोडला जात नाही, असा अनुभव आहे.

कमी दाब आणि डीपीचा हिशेब

मोटार ४१५ व्होल्टसाठी बनवलेली असते. तिची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. दाब ३३० व्होल्टवर आला, तर ताकद सुमारे ६३ टक्केच उरते. पंपाला लागणारे काम मात्र तेवढेच असते. ते करण्यासाठी मोटार जवळजवळ सव्वापट अँपिअर ओढते आणि दीडपट तापते. साधारण ३५० व्होल्टच्या खाली मोटार चालवू नये.

दाब का उतरतो? ६३ केव्हीएचा डीपी पूर्ण भाराला सुमारे ८४ अँपिअर देऊ शकतो. ८ अँपिअरच्या दहा मोटारी लागल्या की तो भरला. अकरावी, बारावी आणि आकड्यावरची तेरावी मोटार ही त्याच्या जिवावर असते. त्यात प्रत्येकाचा ऑटो स्विच. वीज येताच दहाही मोटारी एका क्षणी उठतात, आणि चालू होताना मोटार सहापट प्रवाह घेते. म्हणजे ८४ अँपिअरच्या डीपीवर ४८० अँपिअरची मागणी. दाब कोसळतो, मोटारी पूर्ण वेग घेत नाहीत आणि त्याच सहापट प्रवाहावर रखडत राहतात. फ्यूज उडतो तो एकाच फेजचा, आणि आपण पुन्हा सिंगल फेजिंगवर येतो. ऑटो स्विच काढणे उत्तम. रात्री साप-विंचवात रानात जाणे नको म्हणून ठेवायचाच असेल, तर वेळ लावण्याची सोय असलेला घ्यावा. डीपीवरच्या सर्वांनी बसून कोणी दोन मिनिटांनी, कोणी चार मिनिटांनी असे ठरवून घ्यावे. हे काम वायरमन करू शकत नाही, ते भावकीनेच करायचे आहे.

कपॅसिटरचेही तसेच. ३ अश्वशक्तीला १, ५ ला २ आणि साडेसात अश्वशक्तीला ३ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर मोटारीजवळ जोडावा. आपल्या मोटारीतला प्रवाह त्याने कमी होत नाही, पण डीपीपासून आपल्यापर्यंतच्या तारेतला कमी होतो आणि सगळ्यांचाच दाब सुधारतो. एकट्याने लावून फारसा फरक दिसत नाही, म्हणून कोणी लावत नाही.

केबलमध्येही दाब जातो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल २०० मीटर टाकली आणि ८ अँपिअर वाहिले, तर सुमारे २० व्होल्ट वाटेतच संपतात. अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी. विहिरीच्या काठावरचे पिळून चिकटपट्टी मारलेले जोड हे बिघाडाचे नेहमीचे ठिकाण आहे.

तीनही फेजमधला दाब सारखा आहे का, हेही महिन्यातून एकदा पाहून घ्यावे. समजा मीटरवर ४००, ३९० आणि ३६५ व्होल्ट आले. सरासरी ३८५. सर्वांत दूरचा आकडा ३६५, फरक २०, म्हणजे ५.२ टक्के असमतोल. दाबातील १ टक्का असमतोलाने प्रवाहात ६ ते १० टक्के असमतोल होतो. तेव्हा ५ टक्क्यांना मोटार बंदच ठेवावी आणि महावितरणच्या कार्यालयात आकडे लिहून लेखी तक्रार द्यावी. 'लाइट बरोबर नाही' या तक्रारीपेक्षा तीन आकडे असलेला कागद जास्त काम करतो.

फ्यूज, अर्थिंग आणि आपला जीव

तिन्ही फेजला सारख्याच जाडीची फ्यूज तार असावी. दोन किटकॅटमध्ये जाड तार व तिसऱ्यात बारीक असेल, तर बारीक तीच आधी उडणार आणि सिंगल फेजिंग आपणच तयार केले असे होते. तीन खांबी एमसीबी बसवल्यास तिन्ही फेज एकदम तुटतात.

अर्थिंगसाठी ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कोळसा व मिठाच्या थरांत उभा पुरावा आणि स्टार्टरची पेटी व मोटारीचा सांगाडा त्याला जोडावा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावालाच उरते. म्हणून फेब्रुवारीपासून खड्ड्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतावे. वळवाचे ढग दिसू लागले, की गडगडाट सुरू होण्यापूर्वीच मेन स्विच खाली करावा. २०१९ पासूनच्या कुसुम योजनेतून किंवा त्यानंतर सौर पंप घेतलेल्यांना एक फेज जाण्याची काळजी नाही, पण त्यांच्या कंट्रोलरला विजेच्या लोळाचा धोका जास्त. तडितरोधक आणि त्याचे स्वतंत्र अर्थिंग जागेवर आहे ना, हे पाहावे.

डीपीवरचा फ्यूज स्वतः घालण्यास जाऊ नये. खालचा फ्यूज काढला तरी वर ११ हजार व्होल्ट तसेच असतात. आणि डीपी किंवा तार बदलल्यानंतर मोटार फिरते पण पाणी निम्मेच येते असे दिसले, तर मोटार काढण्याची घाई करू नये. फेजची अदलाबदल होऊन ती उलट फिरत असते. मेन बंद करून कोणत्याही दोन तारा एकमेकींच्या जागी लावून घ्याव्यात.

एवढे करूनही मोटार जळाली, तर वायंडिंगवाल्याकडे ती उघडताना स्वतः हजर राहावे. सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या असतील, तर कमी दाब, जास्त भार किंवा अडकलेला पंप हे कारण. एक तृतीयांश काळ्या आणि बाकी ताज्या, किंवा दोन तृतीयांश काळ्या आणि एक तृतीयांश ताज्या, असे पट्टे दिसले तर एक फेज गेली होती. पहिला प्रकार डेल्टा जोडणीचा, दुसरा स्टारचा. एकाच जागी ठिपका जळलेला असेल तर आवरणाचा दोष किंवा विजेचा लोळ. हे मोनोब्लॉक मोटारीत स्पष्ट दिसते. सबमर्सिबलच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असल्याने तेथे काळेपणाऐवजी वितळून चिकटलेल्या तारा पाहाव्यात. कारण कळल्याशिवाय तीच मोटार त्याच स्टार्टरवर पुन्हा सोडू नये.